कोरी जागा

आज मी तुम्हांला माझीच एक गोष्ट सांगणार आहे. ती थोडी लाजेची आहे.

बी.एड. करताना मी रात्र-रात्र वाचत असे. पुढे पाचोडला नोकरी लागली, हातात मोबाइल आला आणि वाचन केव्हा सुटले ते कळलेच नाही. पुस्तक उघडले की डोळे पानाच्या शेवटापर्यंत जात. मन मात्र मोसंबीच्या बाजारात, नाहीतर कोणाच्या तरी निरोपात! एकदा वर्गात मी धडा मोठ्याने वाचला. एका मुलीने विचारले, "सर, त्या म्हातारीने दार का उघडले नाही?" मला सांगता येईना. वाचले मीच होते, पण मी तिथे नव्हतोच.

घरी 'फवाइदुल फुआद'चा उर्दू तरजुमा होता. मूळ पुस्तक फारसीत आहे. ते लिहिणारे अमीर हसन हे कवी, अमीर खुस्रोंचे स्नेही. त्यांची कबर आपल्याच जिल्ह्यात, खुलताबादला आहे. 1308 ते 1322 या काळात ते दिल्लीला हजरत निजामुद्दीन औलियांच्या मजलिशीत बसत आणि तिथे ऐकलेले लिहून ठेवत. वर्षभराने त्यांनी ते कागद हजरतांना दाखवले. मधे काही जागा कोऱ्या होत्या. हजरतांनी विचारले, तेव्हा हसन यांनी सरळ सांगितले की, तिथले शब्द ध्यानात राहिले नाहीत. हजरत रागावले नाहीत. राहिलेले शब्द त्यांनी स्वतः सांगितले.

हे वाचून मी थांबलो. एवढा मोठा कवी, आणि त्याचेही ध्यान सुटत होते! पण त्याने मनाचे काही घातले नाही. जागा कोरी ठेवली.

'हुजूरे-कल्ब' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. कल्ब म्हणजे हृदय; ते हजर असणे. वर्गात आपण हजेरी देतो ना, तशी ही मनाची हजेरी. न बोलावता येणाऱ्या विचाराला सुफी 'खतरा' म्हणतात. मराठीत आपण धोक्याला खतरा म्हणतो. मला दोन्ही अर्थ पटतात!

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला म्हणालो, "काल मी गैरहजर होतो." वर्ग हसला. मग आम्ही तो धडा पुन्हा वाचला, सावकाश.

आता वाचताना मी वही जवळ ठेवतो, मोबाइल दुसऱ्या खोलीत. जिथे मन पळाले, तिथे वहीत एक ओळ कोरी सोडतो आणि मागे फिरतो. पहिल्या दिवशी एका पानात सात ओळी कोऱ्या राहिल्या. काल तीन होत्या. त्यांतली एक त्या मुलीने भरून दिली.