राब

फाल्गुन सरत आला, की मुरबाडकडे शेताशेतांतून धूर निघू लागतो. शेण, पाला, टहाळे पसरून जमिनीचा तुकडा भाजावयाचा, तण जळाले म्हणजे तेथे भात पेरावयाचे आणि पावसात तीच रोपे उपटून खाचरांत लावावयाची. हा राब. यंदा तो धूर पाहताना माझे मन मात्र ठिकाणावर नव्हते.

मामांचे वय एकसष्ट. त्यांची कंबर दुखे. शेतकऱ्याची कंबर दुखावयाचीच, म्हणून आम्ही स्वस्थ राहिलो. शहापुरास लेप झाले, गोळ्या झाल्या. पुढे एक मणका दबला, रक्त कमी झाले, तेव्हा कोठे मुंबईस निदान झाले : मल्टिपल मायलोमा, अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. चार महिने औषधे झाली, रोग बराच हटला. आणि मग डॉक्टरांनी प्रश्न टाकला. मूळपेशींचे प्रत्यारोपण आताच करावयाचे, की पेशी काढून, गोठवून ठेवून रोग उलटेपर्यंत थांबावयाचे?

रोग्याच्याच पेशी आधी काढून घेतात. मेल्फलान नावाच्या जहाल औषधाने मज्जा जाळतात. मग त्या पेशी शिरेतून परत देतात. त्या रुजेपर्यंत दोन-तीन आठवडे जपावे लागते.

"म्हणजे राबच की!" मामा म्हणाले. डॉक्टर हसले, मला हसू आले नाही.

मी पडलो पुस्तकी. अमेरिकेतील ७२२ रोग्यांची, २०२२ साली प्रसिद्ध झालेली पाहणी मी वाचली होती. आरंभीच प्रत्यारोपण केलेल्यांत रोग साधारण ६७ महिने दबून राहिला, नुसत्या औषधांवरच्यांत ४६. परंतु तोवरच्या हयातीत फरक दिसला नव्हता. मग हा जाळ आताच कशाला? मी थांबण्याच्या बाजूचा होतो, आणि खरे सांगावयाचे तर त्यात माझी भीतीच अधिक होती.

मामींनी एकच विचारले, "अन् मागाहून करायचं म्हटलं, तर तेव्हा ह्यांच्या अंगात बळ असेल का?"

डॉक्टर म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही."

मामा बराच वेळ गप्प होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझे आकडे खोटे नाहीत, बाबा. पण एकवीस महिने म्हणजे जवळजवळ दोन आवण्या. त्या मला हव्यात."

वैशाखातली तारीख ठरली. परतताना कल्याणास एस्. टी.त बसल्यावर त्यांनी मुलाला फोन लावला आणि यंदा कोणत्या खाचरात कोणते बी, हे मुरबाड येईपर्यंत त्याला सांगत राहिले.