बोटीपेक्षा जड माणसं

एंटरप्राइज ही दोन माणसांची शर्यतीची डिंगी. शिडं न चढवता तिचा नुसता सांगाडा तोलला तर तो नव्वद-पंचाण्णव किलो भरतो. तिच्यात बसणारी दोन माणसं मिळून सव्वाशे ते दीडशे किलोची. म्हणजे पाण्यावर जे काही धावतं, त्यातला मोठा वाटा माणसांचाच असतो. तरीही नवखी जोडी चर्चेला बसली की सगळा वेळ बोटीवर जातो: कुठल्या बनावटीची, प्लायवूडची की फायबरची, किती वेगाची, कुठे मिळेल. मला हा क्रमच उलटा वाटतो. आधी जोडीदार ठरवावा, मग ज्या ताफ्यात धावायचं तो शोधावा, आणि बोटीचं नाव शेवटी काढावं. विदर्भातल्या मारेगावसारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या गावाहून विचार करणाऱ्याला तर हा क्रम अधिकच लागू पडतो. मुंबईत चुकीची बोट घेतली तर ती विकता येते. इथे घेतली तर ती गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली पडून राहते.

जोडीचं महत्त्व विदर्भात कुणाला समजावून सांगावं लागू नये. शंकरपटात धुरकरी कितीही तरबेज असला, तरी एक बैल उसळ्या मारणारा आणि दुसरा मागे ओढणारा असेल तर गाडी तिरपीच जाते. म्हणून जाणता शेतकरी एकटा चांगला बैल घेत नाही, जमणारा बैल घेतो. डिंगीतही तसंच. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने नागमोडी वर चढताना बोट एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळते, तेव्हाचे चार-पाच सेकंद जवळून पाहावेत. मागचा सुकाणू लोटतो. पुढचा जिबची, म्हणजे पुढच्या शिडाची, दोरी हातात धरून थांबतो आणि शिडाचं पोट उलटं फुगू लागेल त्या क्षणी ती सोडतो. त्याआधी सोडली तर वळण पुरं होण्यापूर्वीच बोटीची ओढ संपते. मग दोघंही बूमखालून, म्हणजे शिडाच्या आडव्या दांडीखालून, वाकून एकदमच पलीकडच्या काठावर जातात आणि बोट सपाट दाबून धरतात. यातला एक जण अर्धा सेकंद मागे राहिला की बोट कलते, शिडातला वारा सांडतो आणि कमावलेली लांबी हातची जाते. शर्यतीत अशी वळणं वीस-पंचवीस वेळा घ्यावी लागतात. नवं शीड विकत घेऊन जेवढा फायदा होईल, त्याच्या कितीतरी पट नुकसान न जमणारी जोडी वळणावळणावर करून ठेवते.

वजनाचा हिशेबही जोडीपासूनच सुरू होतो. फोर-ट्वेंटी ही 4.20 मीटरची फ्रेंच बोट 1959 सालची, तरुणांच्या शर्यतींसाठी जगभर रुळलेली. तिला ट्रॅपीझ आहे, म्हणजे पुढचा माणूस तारेला लटकून पूर्ण बाहेर उभा राहतो, स्पिनेकर हे फुगणारं तिसरं शीडही आहे. हलक्या, चपळ जोडीला ती शोभते. जॅक होल्ट यांनी 1956 च्या सुमारास काढलेली एंटरप्राइज 4.04 मीटरची. निळी शिडं ही तिची ओळख. ट्रॅपीझ नाही, स्पिनेकर नाही. काठावर बसून अंग मागे टाकायचं आणि दोन शिडांवर चालवायचं. सत्तर किलोचे दोन गृहस्थ फोर-ट्वेंटीत बसले तर हलक्या वाऱ्यात ती जागची हलणार नाही. पंचेचाळीस किलोची दोन मुलं एंटरप्राइजमध्ये बसली तर जोराच्या वाऱ्यात त्यांना ती आवरणार नाही. कुठली बोट चांगली, असा प्रश्न सुटा विचारून उपयोग नाही. ती कुणासाठी, हे आधी ठरायला हवं.

यानंतर ताफा. माझा खरा आग्रह इथेच आहे. शिडाच्या शर्यतीत शिकवणारा मुख्य गुरू म्हणजे शेजारची सारखी बोट. तिचं शीड तेवढंच, सांगाडा तोच, वारा तोच, आणि तरी ती दोन हात पुढे सरकत असेल, तर कारण माणसांत आहे. ते तिथल्या तिथे डोळ्यांनी दिसतं. तिच्या बूमची उंची पाहा, जिबवर चिकटवलेले लोकरीचे धागे सपाट वाहताहेत की फडफडताहेत ते पाहा, पुढचा माणूस किती पुढे बसलाय ते पाहा. भारतात एंटरप्राइज एवढी टिकली ती तिच्या रूपामुळे नव्हे. नौदल आणि एनसीसीच्या नौदल शाखेसारख्या संस्थांनी ती एकदम संचाने घेतली, म्हणून ती टिकली. एनसीसीची अखिल भारतीय नौकानयन शर्यत ओडिशात चिलिका सरोवरावर भरते आणि तिथे कॅडेट याच वर्गात धावत आले आहेत. मुंबईच्या बंदरात सीबर्ड वर्गाच्या लाकडी बोटी पिढ्यान्‌पिढ्या शर्यतीत राहिल्या, त्याचंही कारण हेच. बोट जुनी झाली तरी तिच्यासारख्या दहा जणी शेजारी असतील, तर ती म्हातारी होत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो हँडिकॅपचा. वेगवेगळ्या बोटी एकत्र धावाव्यात म्हणून इंग्लंडात पोर्ट्समथ यार्डस्टिक ही पद्धत आहे: प्रत्येक वर्गाला एक आकडा, लागलेल्या वेळेला हजाराने गुणायचं आणि त्या आकड्याने भागायचं, की सुधारित वेळ निघते. मग कुठलीही बोट घ्या, शर्यत होतेच, असं म्हणतात. होते, मी नाकारत नाही. आणि एखाद्या तलावावर चार प्रकारच्या चार बोटी असतील तर काहीच न करण्यापेक्षा हे शतपटीने बरं. पण त्यात निकाल कागदावर लागतो. मागून आलेला खरं तर पुढे होता, हे काठावर परतल्यावर कळतं. शिवाय तो आकडा सरासरीचा असतो. आपल्याकडचा धरणावरचा वारा टेकडीआडून दिशा बदलत येतो, मध्येच पडतो. तो पडला की हलकी बोट सरकत राहते आणि जड बोट थांबते, आणि कुठलाही आकडा त्याची भरपाई करत नाही. घड्याळावर धावणाऱ्या शंकरपटात जोडीला निदान आपले सेकंद तरी कळतात. इथे तेही धूसर होतात.

दुसरा आक्षेप जास्त मनाला लागणारा आहे. जुन्याच वर्गात अडकून राहिलो तर वरच्या पायरीवर कधी जाणार? फोर-सेव्हन्टी 1976 पासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि 2024 च्या पॅरिसला ती स्त्री-पुरुष जोडीची झाली. फोर्टीनाइनर 2000 साली आली. 2018 च्या आशियाई स्पर्धेत वरुण ठक्कर आणि के. सी. गणपती यांनी तिच्यातच कांस्य मिळवलं, आणि त्याच वेळी फोर्टीनाइनर एफएक्समध्ये मुंबईची श्वेता शेरवेगर आणि चेन्नईची वर्षा गौतम यांनी रौप्य. ही नावं ऐकली की पोरांना तीच बोट हवीशी वाटते, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. पण 1982 चं एशियाड आठवावं. स्पर्धा दिल्लीची, शिडांच्या शर्यती मुंबईत; फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्ण मिळवलं ते फायरबॉल वर्गात. आज आशियाई स्पर्धेत फायरबॉल कुठे आहे? तारापोर पुढे ऑलिंपिकला गेले ते फोर-सेव्हन्टीत. वर्ग बदलतात. वारा वाचणं, सुरुवातीच्या रेषेवर जागा काढणं, जोडीदाराचा श्वास ओळखणं, हे मात्र एका बोटीतून दुसरीत सोबत जातं, आणि ते कमावायला सारख्या बोटींची गर्दी लागते. एकटी फोर्टीनाइनर घेऊन तलावावर फिरणारी जोडी बोट सावरायला शिकेल. शर्यत तिला शिकता येणार नाही.

तिसरा आक्षेप इथला, रोखठोक: मारेगावात पाणी कुठे आहे? जिल्ह्यात आहे. बाभूळगावकडे बेंबळा आहे, पैनगंगेवर इसापूर आहे. धरणातलं पाणी उन्हाळ्यात उतरतं. काठच्या उथळात दगड वर येतात आणि बोटीच्या पोटातून खाली सोडलेली फळी, सेंटरबोर्ड, त्यावर आपटते. जलसंपदा विभागाची परवानगी काढावी लागते, सुरक्षाबोट आणि लाइफजॅकेट यांना पर्याय नाही. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांच्याकडे पाहूनही ताफ्याचाच विचार पुढे येतो. मारेगावजवळच्या करंजीला राष्ट्रीय महामार्ग 44 लागतो आणि तिथून हैदराबाद साडेतीनशे-चारशे किलोमीटर. मुंबई त्याच्या जवळपास दुप्पट. त्यातही मुंबई बंदरातला हंगाम पावसाळ्यात बंद असतो, तर हुसेनसागरावर ऐन जुलैत मान्सून रेगाटा भरते आणि तिथे फोर-ट्वेंटीत मुलंमुली धावतात. विदर्भाचा वारा हैदराबादच्या पंचांगाला जवळचा आहे. म्हणून चौदा-पंधरा वर्षांची हलकी जोडी असेल तर तिने दक्षिणेकडे पाहावं आणि फोर-ट्वेंटी धरावी. प्रौढांची, किंवा बाप-लेकाची जोडी असेल तर एंटरप्राइज. त्यातही एक नवी घेण्याऐवजी तेवढ्याच पैशांत दोन-तीन जुन्या मिळत असतील तर जुन्याच घ्याव्यात, आणि उरलेल्या शेजाऱ्यांना द्याव्यात. स्वतःच्या पैशाने प्रतिस्पर्धी उभा करणं अनेकांना वेडेपणा वाटेल. मला वाटतं, आपल्या भागात शर्यत सुरू करण्याचा दुसरा रस्ता नाही.

जुनी बोट पाहायला गेलात तर रंगाकडे पाहू नका. सेंटरबोर्ड ज्या उभ्या पेटीतून खाली जातो, तिचा तळाशी बसलेला सांधा अंगठ्याने दाबा. प्लायवूड तिथेच प्रथम मऊ पडतं. डोलकाठी ज्या खाचेत उभी राहते तिथलं लाकूड काळं पडलंय का पाहा. पोटात बादलीभर पाणी ओतून पाच मिनिटं थांबा आणि खाली जमिनीवर कुठे ओल येते ते बघा. मग आपल्या जोडीदाराला आत बसवा, तुम्ही मागे बसा, आणि जमिनीवरच दहा वेळा वळण घेऊन पाहा: सुकाणू, दोरी, बूमखालून वाकणं, पलीकडे. गुडघे एकमेकांना लागतात का? दोघांपैकी कुणाचा हात दोरीपर्यंत पोचत नाही? विकणारा हसला तर हसू द्या. पुढे शर्यत लावायला पाण्यावर खुणेसाठी नारंगी रंगाचे दोन रिकामे कॅन दोरीला दगड बांधून सोडले की पुरे, आणि शिट्टी वाजवायला काठावर एक जण. बाकी सगळं त्या जमिनीवरच्या दहा वळणांत दिसून जातं.