खटका, खाच आणि उंचवटा

मोठ्या वस्तूंचे कौतुक करणारी माणसे पुष्कळ भेटतात. लहान गोष्टींच्या वाट्याला कौतुक येते ते बहुधा त्या नाहीशा झाल्यावर. शेगावचे नाव निघाले की लोक श्री गजानन महाराजांच्या मंदिराविषयी बोलतात, नाहीतर स्थानकावरच्या कचोरीविषयी. आम्ही मात्र वाचकांना याच गावातील संगणक दुरुस्तीच्या एका लहानशा दुकानात नेणार आहोत. तेही नव्या यंत्रांपुढे नव्हे, तर मागच्या भिंतीशी रचलेल्या, पिवळट पडलेल्या डब्यांपुढे.

आमचे तेथे जाणे एका निवृत्त गुरुजींच्या निमित्ताने झाले. मधुमेहाने त्यांची दृष्टी जवळजवळ नेली आहे. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत ते संगणकावर मराठी टंकलेखन शिकले, आणि आता नातवंडांसाठी आपल्या गावाच्या आठवणी लिहीत आहेत. त्यांचा जुना कळफलक बंद पडला. मुलाने नवा, सपाट, देखणा कळफलक आणून दिला. पण त्यावर गुरुजींची बोटे भरकटू लागली. तेव्हा जुन्या पद्धतीचा एखादा कळफलक कोठे मिळतो का, हे पाहण्यास आम्ही निघालो होतो.

शेगावात जुना संगणक सापडणे नवलाचे नाही. आयबीएम कंपनीचा ‘पर्सनल कॉम्प्युटर’ १९८१ साली अमेरिकेत निघाला आणि येथील श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली सुरू झाले. त्या पिढीतील विद्यार्थ्यांना आठवत असेल की, संगणकाच्या खोलीत शिरताना पादत्राणे बाहेर ठेवावी लागत. धुळीचे भय हे त्याचे कारण. ज्या गावी उंबऱ्यापाशी चपला काढणे हे नित्याचेच, तेथे हा नियम कोणास जड गेला नसावा.

“याले आता कोन पुसते, फादर?” असे म्हणत दुकानदाराने एक डबा पुढे ओढला आणि त्याच्या दर्शनी भागावरची धूळ पुसली. तेथे एक चावीचे भोक होते. १९८४ च्या आयबीएम एटी या यंत्रापासून ही सोय आली. चावी फिरवली की कळफलक मुका होई आणि झाकणही उघडत नसे. आज कुलूप परवलीच्या शब्दांत गेले आहे. तेव्हा ते कमरेच्या जुडग्यात असे आणि चावी मिळाली नाही तर कोणाला विचारायचे हे सर्वांना ठाऊक असे.

कुलपाशेजारी ‘टर्बो’ नावाचा खटका. नावावरून वाटावे की हा यंत्राचा वेग वाढवतो. वस्तुतः त्याचे खरे काम वेग उतरवण्याचे. पहिल्या यंत्रांचा वेग ४.७७ मेगाहर्ट्‌झ होता आणि त्या वेळच्या काही आज्ञावली, विशेषतः खेळ, त्याच तालावर बेतलेले होते. नव्या, वेगवान यंत्रावर ते इतके भरधाव धावत की खेळणाऱ्याचा हात पोहोचेपर्यंत डाव संपलेला असे. म्हणून जुन्या सोबत्याला बरोबर घेण्यासाठी नव्याने पावले आवरायची, ती या खटक्याने. खटक्यावरच्या लुकलुकत्या आकड्यांविषयी मात्र एक गंमत सांगितली पाहिजे. ते आकडे वेग मोजत नसत. आतील लहान लहान टोप्या जशा बसवाव्या तसा आकडा दिसे. थोडक्यात, सगळेच लहान तपशील प्रामाणिक होते असे समजण्याचे कारण नाही.

फ्लॉपीची कथा अधिक बोधप्रद आहे. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक खाच असे. आतील मजकूर कोणी पुसू नये म्हणून त्या खाचेवर चिकटपट्टी लावायची. पट्टी निघाली की संरक्षणही गेले. पुढे साडेतीन इंची फ्लॉपी आली तिच्यात पट्टीऐवजी सरकती खिट्टी अंगचीच होती. ती हरवणार कशी? शिवाय फ्लॉपीचा एक कोपरा तिरपा कापलेला, म्हणजे घाईत उलटी घातली तर ती पुरती आत जातच नसे. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून त्याला न रागावता अडवणारी ही रचना आहे.

मागील बाजूच्या जोडण्यांतही हाच विचार दिसतो. पडद्याच्या तारेचे टोक एका बाजूस रुंद, दुसरीस अरुंद. उलटे बसणे नाही. याउलट १९८७ पासून आलेली कळफलकाची आणि माउसची गोल टोके अगदी जुळ्या भावांसारखी होती आणि लोक एकाचे टोक दुसऱ्याच्या जागी खुपसत. अखेर १९९० च्या दशकाच्या शेवटी कळफलकाला जांभळा आणि माउसला हिरवा रंग ठरला आणि टेबलामागे ओणवे होऊन चाचपडणाऱ्याची सुटका झाली. नव्या काळाने काहीच शिकले नाही असेही नव्हे. १९९६ च्या यूएसबीचे टोक उलटसुलट करून पाहण्यात सर्वांचाच वेळ गेला. २०१४ साली आलेले सी प्रकारचे टोक कसेही घातले तरी बसते.

असे बोलता बोलता दुकानदाराने ढिगाखालून जांभळ्या टोकाचा एक कळफलक काढला. त्याच्या कळा उंच, मधोमध किंचित खोलगट, ओळी पायऱ्यांसारख्या चढत्या. आणि इंग्रजी एफ व जे या कळांवर एकेक ठसठशीत उंचवटा. दोन्ही तर्जन्या तेथे टेकल्या की बाकीची बोटे आपापल्या घरी पोहोचतात. मराठीसाठी या उंचवट्यांना आणखी एक अर्थ आहे. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. डाव्या उंचवट्याखाली ऱ्हस्व वेलांटी येते, उजव्याखाली ‘र’. शिफ्ट दाबून ‘क’चा ‘ख’ होतो, ‘त’चा ‘थ’. ज्याला बाराखडी येते त्याला ही मांडणी निम्मी आधीच येत असते.

नव्या कळफलकावरही उंचवटे होते. पण ते इतके पुसट की गुरुजींना लागत नसत. मधुमेहाने डोळ्यांबरोबर त्यांच्या बोटांची जाणीवही बोथट केली आहे. देखणेपणासाठी कोणीतरी केसभर उंची कमी केली आणि एका म्हाताऱ्या माणसाची वाट हरवली. मोबाइल बोललेले लिहून घेतो आणि लिहिलेले वाचून दाखवतो, हे खरे; गुरुजी तो वापरतातही. परंतु ते म्हणतात, “बोलताना मी वाहवत जातो. लिहिताना बोट थांबते, तेथे मला विचार करायला सापडते.”

दुकानदाराने एकेक कळ उपटून धुतली, नव्या यंत्राला चालेल असा जोड दिला आणि रास्त पैसे घेतले. गुरुजींनी कळफलक मांडीवर घेतला, दोन्ही उंचवटे चाचपले आणि “हाच,” एवढेच म्हणाले. आठवणींचे लेखन पुन्हा सुरू झाले आहे.

१९८४ च्या मॅकिंटॉश संगणकाच्या डब्याच्या आतील बाजूस तो घडवणाऱ्यांच्या सह्या कोरलेल्या होत्या. गिऱ्हाइकाला त्या दिसत नसत, तरी त्या तेथे होत्या. कळेवरचा उंचवटा मात्र निनावी आहे. कधीही न भेटणाऱ्या माणसाच्या बोटाचा विचार कोणीतरी केला आणि तो प्लास्टिकात उमटवून ठेवला. त्याला आम्ही शेजारधर्म म्हणतो. घरातील जुना संगणक भंगारात देण्याआधी वाचकांनी मुलांना तो एकदा जवळून पाहू द्यावा. प्रत्येक खाचेपाशी, प्रत्येक खिट्टीपाशी त्यांना एकच प्रश्न विचारावा: ही कोणासाठी केली असेल? उत्तर शोधताना मुले यंत्राविषयी शिकतील आणि माणसाविषयी थोडे अधिक.