सात पॉइंट दोन

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात 'छातीत पाणी झालं' म्हटलं की आधी टीबीची शंका येते. न्यूमोनियातही असं पाणी होतं, हे मला बाबांच्या आजारात कळलं. मी पुण्यात कोड लिहितो. खामगावहून फोन आला तेव्हा ताप सहा दिवसांचा झाला होता. अकोल्याला नेलं. एक्स-रेत उजवी बाजू खालून पांढरी. धापा टाकत बाबा म्हणाले, "विहिरीत पाणी नाही, अन् छातीत कुठून आलं बाप्पा?"

फुप्फुसाला सूज आली की त्याच्याभोवतीच्या दोन पातळ आवरणांमध्ये पाणी झिरपतं. बहुतेकदा अँटिबायोटिक सुरू झाल्यावर ते आपोआप जिरतं. सोनोग्राफीत थर एक सेंटिमीटरपेक्षा पातळ असेल तर सहसा सुईही लागत नाही. जास्त असेल तर थोडं काढून तपासतात. पू निघाला तर नळी टाकायचीच. नाहीतर पीएच बघतात. जंतू आणि पांढऱ्या पेशी साखर खाऊन आम्ल सोडतात, म्हणून पीएच ७.२ च्या खाली गेला की नळी. ती सोय नसेल तर पाण्यातली साखर बघतात. ६० मिलिग्रॅमच्या खाली म्हणजे तोच इशारा.

एक आकडा, एक इफ-एल्स! मी खूश. मॅडमनी अडवलं. सिरिंजमध्ये हवा राहिली तर पीएच खोटाच चढतो, भुलीचं औषध मिसळलं तर उतरतो. आणि पाण्यात जाळी धरून कप्पे झाले, तर एका कप्प्यातला नमुना दुसऱ्याची खबर देत नाही.

घाईही वाईटच. १९१८ मध्ये अमेरिकी लष्करी छावण्यांत छाती लवकर उघडून पू काढायचे. हवा शिरून फुप्फुस मिटायचं, सैनिक दगावायचे. एव्हार्ट्स ग्रॅहॅम ज्यात होते त्या आयोगानं, सुरुवातीला छाती उघडू नका, असं सांगितलं, तेव्हा मृत्यू झपाट्यानं घटले.

बाबांचा पीएच आला ७.०४. रात्रीचे नऊ वाजले होते. आई म्हणाली, "नळी टाकली की माणूस उठत नाही म्हणतात. सकाळी पाहू ना." मी म्हटलं, "आई, हे दूध विरजतंय. पातळ आहे तोवर ओतता येतं. दही लागलं की मग नळीतून उतरत नाही, ऑपरेशन करावं लागतं." ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कर सही."

पाचव्या दिवशी नळी निघाली. गावातली ती भीती कुठून येते, हेही तेव्हा उमगलं: नळीपर्यंत लोक पोचतातच उशिरा, आणि दोष नळीला लागतो.