मावळत्या सूर्याला अर्घ्य

उगवत्या सूर्याला नमस्कार करणे ही जगाची रीतच आहे. सुरतेस तापीच्या काठी मात्र मी निराळे पाहिले. कार्तिक शुद्ध षष्ठीस तेथे पोटासाठी आलेली बिहारी कुटुंबे छठपूजेकरिता पाण्यात उभी राहतात. निर्जळी उपवास सुमारे ३६ तासांचा. पहिले अर्घ्य मावळत्या सूर्याला, उगवत्याला दुसऱ्या दिवशी! पुराणे तापीला सूर्यकन्या म्हणतात. म्हणजे लेकीच्याच पाण्याने थकल्या पित्याचा हा मान. आपण सूर्याला देव मानीत नाही. तो देवाची निर्मिती होय. परंतु दिवसभर प्रकाश देणाऱ्याचे ऋण ही माणसे सांजवेळी विसरत नाहीत. वाचकहो, आपल्या ओसरीवर बसलेल्या वृद्ध आईबापांशी दिवेलागणीला आपण दोन शब्द तरी बोलतो काय?