डावीकडे इंग्लंड, उजवीकडे करवीर

26 जून
आज शाहू जयंती. सकाळी दसरा चौकात पुतळ्याजवळ शाळांची पोरं, लेझीम, फुलांचे हार. घरी येऊन चहा झाल्यावर वही उघडली. या वहीच्या प्रत्येक पानावर दोन रकाने आखलेत, डावीकडे इंग्लंड आणि उजवीकडे करवीर, म्हणजे आमचं कोल्हापूर. आजच्या तारखेला दोन्ही रकाने भरतात. 1902 साली याच दिवशी लंडनला सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक व्हायचा होता. ऐनवेळी राजाचं अ‍ॅपेंडिक्स सुजलं, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सोहळा 9 ऑगस्टवर गेला. त्या सोहळ्यासाठी शाहू महाराज विलायतेला गेले होते. त्यांना 26 जूनला अठ्ठावीस वर्षं पूर्ण झाली. याच दौऱ्यात केंब्रिजनं त्यांना एलएल. डी. दिली. ट्यूडर घराण्यापासून विंडसरपर्यंतची वंशावळ मला पाठ आहे, पण हा एडवर्ड मला खरा ओळखीचा झाला तो शाहू महाराजांमुळे.

4 जुलै
दिवसभर पाऊस. करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन डिकन्सची एक कादंबरी बदलून आणली. 1850 साली हे ग्रंथालय सुरू झालं, तेव्हा लंडनला ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ अजून महिन्याच्या महिन्याला हप्त्यानं निघत होती. पुढचा हप्ता कधी येतो म्हणून तिथले वाचक वाट बघत होते आणि इथे पंचगंगेकाठी पुस्तकांची कपाटं लागत होती. कपाटांपुढे उभं राहिलं की हे दरवेळी मनात येतं आणि हातातलं पुस्तक जवळचं वाटतं.

संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर एका मित्रानं विचारलं, “इंग्रजांनी आपल्याला लुटलं, आणि तुम्ही त्यांचेच राजे पाठ करताय व्हय?” प्रश्न रास्त आहे. मी म्हटलं, “1942 च्या लढ्यात गव्हर्नर विल्सनचा पुतळा ह्याच गावानं फोडला आणि त्या जागी शिवछत्रपतींना उभं केलं. पण वाचन मंदिरातल्या शेक्सपिअरला कुणी हात लावला नाही. सत्ता कुणाची मानायची आणि पुस्तक कुणाचं वाचायचं, ह्या दोन गोष्टी आपल्या माणसांना तेव्हाही वेगळ्या कळत होत्या.”

13 जुलै
पहाटेच्या एसटीनं पन्हाळा. धुक्यात तटबंदीसुद्धा दिसेना. पावनखिंडीकडे निघालेल्या तरुणांचे जथे बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी घोषणा देत होते. 1660 च्या जुलैत शिवाजी महाराज याच पावसात सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले. त्या वेढ्यात राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन आपला तोफखाना आणि इंग्रजांचं निशाण घेऊन जौहरच्या मदतीला आला होता. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर लुटलं आणि रेव्हिंग्टनला कैदेत टाकलं.

आता डावा रकाना. 1660 च्याच 1 जानेवारीला लंडनमध्ये सॅम्युअल पेपिसनं रोजनिशी लिहायला घेतली. मे महिन्यात दुसरा चार्ल्स परागंदा अवस्थेतून परत आला, त्याला आणायला गेलेल्या आरमारात पेपिस होता. जुलैत पेपिसला आरमाराच्या कचेरीत मोठी जागा मिळाली. तेव्हाचं इंग्रजी कॅलेंडर आजच्यापेक्षा दहा दिवस मागे होतं, म्हणून मी तारखेला तारीख लावत नाही, महिन्याशेजारी महिना ठेवतो. चार्ल्स आणि शिवाजी महाराज दोघेही 1630 चे. एकाला गेलेलं राज्य परत मिळालं, दुसऱ्यानं नवं उभं केलं. पेपिस मला आवडतो तो त्याच्या खाण्यापिण्याच्या, भांडणांच्या, भीतीच्या नोंदींसाठी. वेढ्यातल्या पन्हाळ्यावर असा रोज लिहिणारा एखादा कारकून असता तर किती बरं झालं असतं, हे आज तटावर भिजताना फार वाटलं.

17 जुलै
1882 साली आजच्या दिवशी टिळक आणि आगरकरांना शिक्षा झाली. प्रकरण आमच्या गावचं. चौथ्या शिवाजी महाराजांना वेडं ठरवून त्यांचा छळ चालला आहे, असं या दोघांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं लिहिलं. दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि लेखांचा पुरावा म्हणून दिलेली पत्रं बनावट निघाली. शिक्षा चार महिन्यांची, सूट मिळून 101 दिवसांनी दोघे सुटले. डोंगरीच्या तुरुंगात आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणायला घेतलं आणि 1883 मध्ये ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराजांचा अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यात असताना मृत्यू झाला.

रात्री पुन्हा हॅम्लेट काढला. दरबार ज्याला वेडा म्हणतो, ज्याच्यावर माणसं पाळत ठेवतात, असा राजपुत्र. करवीरच्या माणसाला हे नाटक डेन्मार्कचं वाटूच शकत नाही.

26 जुलै
शाहू महाराज विलायतेत असताना 1902 साली आजच्याच तारखेला करवीर दरबारचा जाहीरनामा निघाला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी. डावा रकाना आज कोरा ठेवला. त्या वर्षी इंग्लंडात काय घडलं ते सगळं माहीत आहे, पण या नोंदीशेजारी ठेवावं असं काही सापडत नाही.

2 ऑगस्ट
करवीरच्या राजाराम महाराजांची रोजनिशी पुन्हा वाचून संपवली. 1870 मध्ये विसाव्या वर्षी ते विलायतेला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले. त्याच उन्हाळ्यात, 9 जूनला, डिकन्स वारला. परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्सला महाराजांचं निधन झालं. अर्नो नदीकाठी त्यांच्यावर हिंदू रीतीनं अंत्यसंस्कार झाले आणि तिथे आजही त्यांचं स्मारक आहे. इंग्रजीत लिहिलेली ती रोजनिशी कॅप्टन वेस्टनं संपादून 1872 मध्ये लंडनला छापली. एक कोल्हापूरकर इंग्लंड पाहतो आणि स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो, याहून मोलाचं पुस्तक माझ्या छंदाला कुठलं मिळणार?

राजाराम कॉलेजातून रोज शेकडो मुलं ये-जा करतात. ते नाव ज्यांचं, त्यांनी लिहिलेली ही पानं या मुलांच्या हाती पडली पाहिजेत. इंग्रजीच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे : शेक्सपिअर, डिकन्स, पेपिस शिकवताना फळ्यावर शेजारी आपल्या गावची त्या काळची एक तारीख लिहा. पोरं दोन्ही इतिहास आवडीनं वाचतील.