वहिनीची गोळी

४ जुलै, कॅसलरॉक

वहिनीच्या हातातला कप बशीवर वाजत होता, तेव्हाच मला शंका आली. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, अंगाला घाम, भांडं पडलं तरी दचकणं. "पावसामुळे असेल," म्हणाली. रात्रभर पत्र्यावर पाऊस कोसळतो हे खरं, पण या गावच्या पावसात तिचा सगळा संसार झाला आहे. फडताळातला औषधांचा डबा काढला. अल्प्राझोलाम, अर्धा मिलिग्रॅम. पाकीट रिकामं. सहा वर्षं रोज रात्री एक घेत होती. पावसामुळे दादाचं औषध आणायला लोंढ्याला जाणं राहिलं, आणि हिने विषयच सोडून दिला. "नुसती झोपेची तर गोळी, वन्सं. नाही घेतली तर काय होतंय?"

काय होतंय ते मी पाहिलेलं आहे. रोजची गोळी अशी एकाएकी तुटली की काहींना आकडी येते. तिच्या बेळगावच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले आणि मीच चिठ्ठी लिहिली. निवृत्त झाले तरी डॉक्टरकीची नोंदणी चालू ठेवली आहे, त्याचा आज उपयोग झाला. दादा रेल्वेने लोंढ्याला जाऊन आला. रात्री तिने नेहमीची गोळी घेतली.

५ जुलै

हात बराच स्थिर. झोपही लागली.

दुपारी उघडीप मिळाली म्हणून दादाबरोबर स्टेशनवर गेले. मालगाडी उभी होती. इथून खाली कुळ्यापर्यंत २६ किलोमीटरचा घाट, ३७ फुटांना एक फूट उतार. गाडी उतरायला लागण्याआधी इथे ब्रेक तपासतात. दादाची सारी नोकरी इंजिनात गेली. त्याने विचारलं, ही एवढीशी गोळी डोक्यात नक्की करते काय? म्हटलं, तुझ्याच भाषेत सांगते.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना चेतवतात, तशा आवरतातही. आवरणारं मुख्य रसायन गॅबा. समोरच्या पेशीच्या आवरणात गॅबा-ए नावाचे ग्राही असतात. पाच प्रथिनं गोलाकार उभी आणि मध्ये छिद्र. गॅबा ग्राहीला चिकटला की छिद्र उघडतं, क्लोराइडचे ऋण आयन आत शिरतात आणि त्या पेशीला संदेश सोडणं जड जातं. हा मेंदूचा ब्रेक. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही बेंझोडायझेपिन जातीची औषधं त्याच ग्राहीवर वेगळ्या जागी, अल्फा आणि गॅमा या प्रथिनांच्या सांध्यात बसतात. ती स्वतः ब्रेक दाबत नाहीत. गॅबाने दाबला की तो अधिक घट्ट बसवतात, म्हणजे छिद्र अधिक वेळा उघडतं. जुन्या बार्बिट्युरेट औषधांचं तसं नव्हतं. ती छिद्र जास्त वेळ उघडं ठेवत, आणि मात्रा वाढली की गॅबाविनाच उघडत. म्हणून त्यांच्या जादा मात्रेने माणसं दगावत.

"मग गोळी थांबली की एवढं का?" दादाने विचारलं. सतत बाहेरून मदत मिळाली की मेंदू आपले ग्राही मंद करून घेतो. मदत अचानक काढून घेतली तर उतारावरच्या गाडीला नेहमीचाही ब्रेक लागत नाही. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे आम्हांला कुणी सांगितलंच नाही." हे मला फार लागलं. सहा वर्षांत इतकं सांगायला पाच मिनिटं पुरली असती.

७ जुलै

दिवसभर धुकं. घरातच.

वहिनी म्हणते, गोळीने झोप लागते, पण सकाळी डोकं जड. तिचं म्हणणं अगदी बरोबर आहे आणि मेंदूच्या विद्युत आलेखात ते दिसतं. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या आणि १९२९ मध्ये ते छापलं. डोळे मिटून शांत बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ वेळा वरखाली होणारी अल्फा लहर त्यानेच दाखवली. गाढ झोपेत याऐवजी मोठ्या, संथ डेल्टा लहरी येतात. बेंझोडायझेपिनच्या झोपेत मात्र या संथ लहरी कमी होतात आणि बीटा नावाच्या जलद, बारीक लहरी वाढतात. माणूस झोपलेला असतो, पण गाढ झोपेचा त्याचा वाटा कापला गेलेला असतो.

औषधाने लहरी बदलताना मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर, भूल देताना, रोज पाहिल्या. प्रोपोफॉल हे दुधाळ इंजेक्शन १९८६ पासून वापरात आलं. शिरेत दिलं की रुग्ण आकडे मोजत असतो, अर्ध्या मिनिटात मोजणं थांबतं, पापणीला बोट लावलं तरी ती हलत नाही. पडद्यावरची रेषा आधी क्षणभर चपळ होते, मग तिच्यात संथ मोठ्या लाटा येतात आणि कपाळामागे दहाच्या ठेक्याची अल्फा लहर उभी राहते. जागेपणी मागे असणारी लहर पुढे आलेली असते. थॅलॅमस आणि मेंदूचं वरचं आवरण एकाच ठेक्यात अडकतात. मात्रा आणखी वाढली की रेषा काही सेकंद सपाट, मग लहरींचा झोत, पुन्हा सपाट. त्या सपाट रेषेची मला नेहमी भीती वाटत आली, आणि ती वाटायलाच हवी. प्रोपोफॉलही त्याच गॅबा-ए ग्राहीवर काम करतं, फक्त जागा वेगळी. केटामिन हे भुलीचं दुसरं औषध मात्र एनएमडीए नावाच्या चेतवणाऱ्या ग्राहीचं तोंड बंद करतं, म्हणून त्याचा आलेख निराळा.

९ जुलै

शेजारच्या कुणबी आजोबांना वहिनीचं कळलं. त्यांनी परसातलं झुडूप दाखवायला नेलं. गुडघ्याएवढं, पेरापेराला तीन-तीन पानं, लाल देठांवर पांढरी फुलं, काही फळं काळी पडलेली. सर्पगंधा. मुळी उगाळून द्या, गोळी सोडा, म्हणाले. त्यांचा जीव वहिनीसाठी तुटत होता. मी पाया पडून नको म्हटलं, आणि का ते बसून सांगितलं.

ही मुळी खोटी नाही. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाबावर तिचा गुण लिहून ठेवला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीत तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. १९५७ चा लास्कर पुरस्कार वकिलांनाही मिळाला. मराठी मुलुखातल्या वैद्यकाचा एवढा मोठा मान, आणि आमच्या विद्यार्थ्यांना नाव माहीत नाही.

पण रेसर्पिन गॅबाला हात लावत नाही. नॉरॲड्रिनलिन, सेरोटोनिन, डोपामिन ही रसायनं चेतातंतूच्या टोकाशी बारीक पिशव्यांत भरून ठेवलेली असतात. रेसर्पिन पिशवी भरण्याचा पंपच बंद करतं. बाहेर राहिलेलं रसायन विकर मोडून टाकतात, साठा आटतो, माणूस मंद होतो. शास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना डोपामिनचा कच्चा माल असलेलं एल-डोपा दिलं आणि ससे उठले. पार्किन्सनच्या आजच्या उपचाराचा तो पाया. रेसर्पिनचा परिणाम उतरायला दिवस, आठवडे लागतात, आणि काहींचं मन अतिशय उदास होतं. गॅबाच्या ब्रेकची सवय झालेल्या बाईला ही मुळी देऊन काहीच साधत नाही. आकडीपासून ती वाचवत नाही.

झाडपाल्याचं म्हणून निर्धोक, हा समज जुना आहे, पण खोटा. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात अन्नात धोतरा घालून लुटल्याची हकिगत आहे. धोतरा ॲसिटिलकोलीनचे ग्राही अडवतो. भ्रम होतो, आठवण राहत नाही.

१० जुलै

संध्याकाळी दादाचे मित्र आले. गोव्याची हद्द इतकी जवळ, बाटली स्वस्त. त्यांतले एक सहज बोलून गेले की झोप येत नाही म्हणून बायकोची गोळी घेतो, वर दोन पेग. मी त्यांना बाजूला बसवलं. दारूही गॅबाचा ब्रेक दाबते आणि चेतवणारे ग्राही दडपते. दोन्ही मिळून मेंदूच्या देठातलं श्वासाचं केंद्र मंदावतं. एकट्या गोळीने सहसा न होणारा मृत्यू यात होतो. ते गप्प झाले. गोळ्या परत करतो म्हणाले.

१३ जुलै

वहिनीच्या डॉक्टरांशी सविस्तर बोलणं झालं. दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के मात्रा कमी करायची. त्रास झाला तर तिथेच थांबायचं. काही महिने लागतील. वहिनीने कालनिर्णयवर स्वतःच्या हाताने तारखा लिहिल्या. साठीनंतर या गोळीने तोल जाऊन पडण्याचं, खुबा मोडण्याचं भय असतं, म्हणून रात्री संडासापर्यंत दिवा लावून ठेवायचं ठरलं.

१ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम एच-१ यादीत आहे. चिठ्ठीशिवाय दुकानदाराने ती द्यायची नाही, चिठ्ठीवर दिली की वेगळ्या वहीत नोंदवून वही तीन वर्षं जपायची. कायदा चांगला आहे, पण फडताळातल्या डब्यापर्यंत तो पोचत नाही. तुमच्या घरात कुणी महिनोन्‌महिने झोपेची गोळी घेत असेल तर आजच पाकीट पाहा, किती उरल्या ते मोजा. ती एकदम बंद करू नका, दुसऱ्याला देऊ नका, दारूबरोबर घेऊ नका. आणि ती कशी कमी करायची हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा.